माकडांवर यशस्वी ठरलेली लस माणसांत का फसते, आणि कधी फसत नाही

प्रश्न असा विचारला आहे: दोडामार्ग परिसरात माकडताप आला की माकडे पटापट मरतात, पण लागण झालेली बहुतेक माणसे वाचतात. उलट आफ्रिकेतल्या काही माकडांच्या अंगात एड्सच्या विषाणूचा जवळचा नातलग जन्मभर राहतो आणि त्यांना काहीच होत नाही. मग माकडाची आणि माणसाची प्रतिकारशक्ती सारखी आहे असे कसे म्हणायचे? आणि ती सारखी नसेल, तर लशी माकडांवर तपासून काय साधते?

माझ्या कामाचा मोठा भाग माकडांचे आणि माणसांचे सीरम शेजारी शेजारी ठेवून तपासण्यात गेला आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही हे आधी सांगतो. प्रतिकारशक्तीची यंत्रणा दोघांत जवळजवळ एकच आहे, परंतु एखाद्या विषाणूपुढे ती कशी वागेल हे त्या प्रजातीचा त्या विषाणूशी पूर्वी किती काळ आणि कसा संबंध आला यावर फार अवलंबून असते. शिवाय 'माकड' ही एक प्रजाती नव्हे. आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड (बॉनेट), उत्तरेतले ऱ्हीसस, काळ्या तोंडाचे वानर, पश्चिम आफ्रिकेतले सूटी मँगबी आणि दक्षिण अमेरिकेतले हाउलर यांच्या प्रतिकारशक्तीत आपापसातच इतका फरक आहे, की 'माकडांवर प्रयोग झाला' एवढेच वाक्य वाचून मला काहीही बोध होत नाही.

साम्य आधी सांगतो. ऱ्हीसस माकडाचे आणि आपले पूर्वज सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि २००७ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा तो माणसाच्या जनुकसंचाशी सुमारे ९३ टक्के जुळला. प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी पेशी, लागण झालेल्या पेशींशी लढणाऱ्या टी पेशी, विषाणू आल्याचा इशारा देणारी इंटरफेरॉन प्रथिने, लसिका ग्रंथी, लस दिल्यानंतर प्रतिपिंडे चढण्याचा आणि उतरण्याचा क्रम हे सारे ओळखीचे आहे. माणसाच्या प्रतिपिंडांना ओळखण्यासाठी बनवलेली पुष्कळशी द्रव्ये ऱ्हीससच्या प्रतिपिंडांनाही चिकटतात, म्हणून रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी एलायझा चाचणी थोड्या फेरफारावर चालून जाते. पण टी पेशी मोजायला बसले की फरक लगेच डोळ्यांपुढे येतो. माणसाच्या टी पेशींवरील सीडी३ हे चिन्ह रंगवण्यासाठी जी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत नेहमी वापरली जातात, त्यांतली बहुतेक ऱ्हीससच्या पेशीला चिकटतच नाहीत आणि मोजणीत टी पेशी जणू शून्य दिसतात. त्यासाठी एसपी३४ नावाचे वेगळे प्रतिपिंड घ्यावे लागते. काम तेच करणारे प्रथिन, पण त्याचा पृष्ठभाग थोडा बदललेला. हा 'थोडा' फरक पुढे किती महागात पडू शकतो ते खाली येईलच.

आता माकडतापाकडे येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना पहिली धास्ती वाटली ती पीतज्वराची. ती धास्ती निराधार नव्हती. पीतज्वर हा मूळचा आफ्रिकेतला विषाणू आहे. तिथल्या बहुतेक माकडांना त्याची लागण होते, काही दिवस विषाणू रक्तात फिरतो आणि माकड फारसे आजारी न पडता बरे होते. हाच विषाणू माणसांबरोबर अटलांटिक ओलांडून गेला तेव्हा दक्षिण अमेरिकेतली हाउलर माकडे जंगलात मरून पडू लागली, आणि १९२७ मध्ये भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडांना पश्चिम आफ्रिकेत त्याची लागण केली तेव्हा तीही मेली. आशियात हा विषाणू कधी आलेलाच नव्हता. ऱ्हीससच्या या नाजूकपणामुळेच पीतज्वराचा अभ्यास शक्य झाला, आणि पुढे १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांची १७डी ही लस आली, जी आजही दिली जाते. एकाच विषाणूपुढे जवळच्या नात्यातल्या दोन माकडांपैकी एक निर्धास्त आणि दुसरे मरणपंथाला, हे प्रतिकारशक्तीच्या कमी-अधिक 'ताकदी'ने समजावता येत नाही. ज्या कळपांनी हजारो पिढ्या तो विषाणू सोसला, त्यांच्यातले तग धरणारेच मागे उरले, हेच त्याचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

क्यासनूरचा विषाणू पीतज्वराचा निघाला नाही. तो गोचिडांमार्फत पसरणारा, रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूच्या गोतातला होता. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात ठळकपणे दिसला, तोही नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा माणसे बागांत आणि जंगलाच्या कडेला दिवसभर वावरतात. लाल तोंडाचे माकड आणि वानर या दोघांत हा विषाणू रक्तात प्रचंड वाढतो, म्हणून ती मरतात, आणि म्हणूनच त्यांच्या अंगावरच्या शेकडो गोचिडांना विषाणू मिळतो. माणसात रक्तातला विषाणू काही दिवसांत प्रतिपिंडांच्या आटोक्यात येतो. मृत्यूचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के राहते, जे मुळीच कमी नाही. मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. जंगलात आपल्याला मेलेली माकडे दिसतात, वाचलेली दिसत नाहीत. त्यामुळे 'माकडे मरतात, माणसे वाचतात' हे जितके काटेकोर वाटते तितके ते नाही. मेलेल्या माकडाभोवती सुमारे ५० फुटांच्या परिसरात मॅलॅथिऑन हे कीटकनाशक टाकतात ते प्रेतामुळे नव्हे, तर थंड पडलेले शरीर सोडून उतरलेल्या गोचिडांमुळे. माकड मेलेले दिसले तर हात न लावता, जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवावे, हे यातून ओघाने येतेच.

एड्सच्या नातलग विषाणूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते या सबंध विषयात सर्वांत शिकण्यासारखी आहे. सूटी मँगबी आणि आफ्रिकी हिरवी माकडे यांच्यात एसआयव्ही हा विषाणू नैसर्गिकरीत्या असतो. त्यांच्या रक्तात तो भरपूर असतो, एड्स झालेल्या माणसात असावा तितका, आणि तरी ही माकडे आजारी पडत नाहीत. हाच मँगबीतला विषाणू अमेरिकेतल्या प्राणिगृहांत आशियाई माकडांत शिरला तेव्हा त्यांना एड्ससारखा रोग झाला. १९८५ मध्ये तो ओळखला गेला. प्रथम वाटले की मँगबीची प्रतिकारशक्ती अधिक जोरकस असणार. तपासणीत उलटेच दिसले. लागण झाल्यावर मँगबीतही इंटरफेरॉनची लाट उसळते, पण काही आठवड्यांत ती ओसरते. ऱ्हीससमध्ये आणि माणसात ती ओसरतच नाही. टी पेशी सतत चेतवलेल्या राहतात, आतड्याचे अस्तर झिजते, आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि त्यामुळे चेतना आणखी वाढते. मँगबीत आतड्याची भिंत शाबूत राहते. शिवाय तिच्या दीर्घायुषी सीडी४ पेशींवर (हा विषाणू ज्यांत वाढतो त्या टी पेशींवर) विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर५ हे प्रथिन फार कमी असते, त्यामुळे विषाणू अल्पायुषी पेशींत वाढतो आणि मूळ साठा वाचतो. म्हणजे तिने विषाणूला हरवले नाही. विषाणू असतानाही स्वतःची हानी होऊ दिली नाही. लस मात्र आपण नेहमी हल्ला वाढवण्यासाठी बनवतो. सहनशीलता शिकवणारी लस अजून कोणाला जमलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ट्रिम५-अल्फा हे प्रथिन आहे. माणसाचा एचआयव्ही-१ ऱ्हीससच्या पेशीत शिरतो, पण हे प्रथिन त्याचे आवरण ओळखून त्याला तिथेच निकामी करते. २००४ मध्ये हे उलगडले. माणसातही हेच प्रथिन आहे, पण ते एचआयव्ही-१ ला नीट पकडू शकत नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या या प्रथिनातले ३३२ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले की तेही एचआयव्ही-१ ला अडवू लागते. एवढ्याशा फरकामुळे एचआयव्हीची लस थेट ऱ्हीससवर तपासता येत नाही. म्हणून एसआयव्हीचा गाभा आणि एचआयव्हीचे बाह्य प्रथिन जोडून एसएचआयव्ही नावाचे संकरित विषाणू तयार केले गेले, आणि इथून पुढच्या बऱ्याच फसगतींना सुरुवात झाली.

त्यातली सर्वांत परिचित फसगत सर्दीच्या एडी५ या एडिनोव्हायरसवर बेतलेल्या लशीची. एसएचआयव्ही-८९.६पी या संकरित विषाणूपुढे तिने ऱ्हीसस माकडांना चांगले वाचवले होते. पण माणसांत तिची सुमारे ३,००० स्वयंसेवकांवरची स्टेप नावाची चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली, कारण लशीने संरक्षण तर दिले नाहीच, उलट ज्यांच्या अंगात एडी५ विरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती अशा पुरुषांत लागण अधिक दिसली. दोन गोष्टी चुकल्या होत्या. ८९.६पी हा विषाणू झपाट्याने सीडी४ पेशी मारत असला तरी लशीने सहज आटोक्यात येणारा होता. एसआयव्हीमॅक२३९ हा चिवट विषाणू वापरला तेव्हा त्याच धर्तीच्या लशीची शक्ती बरीच तोकडी पडलेली दिसली होती, आणि त्या निकालाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते असे माझे ठाम मत आहे. दुसरे म्हणजे माणूस लहानपणापासून एडिनोव्हायरसच्या सर्दीला तोंड देत मोठा होतो, तर प्राणिगृहातले माकड त्या बाबतीत कोरे असते. लस टोचण्यापूर्वीचा इतिहास दोघांचा वेगळा होता.

माकडामुळे दिशाच चुकल्याचे सर्वांत दुःखद उदाहरण पोलिओचे आहे. १९०८ मध्ये लांडस्टायनर आणि पॉपर यांनी व्हिएन्नात माकडांना पोलिओची लागण करून दाखवली, हे मोठेच पाऊल होते. पण पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी वापरलेला विषाणू ऱ्हीससच्या मेंदूतून मेंदूत इतक्या वेळा नेला गेला होता की तो केवळ चेतापेशींतच वाढू लागला. ऱ्हीससला तोंडावाटे पोलिओ होत नाही, नाकावाटे होतो. त्यावरून निष्कर्ष असा काढला गेला की माणसातही विषाणू नाकातून थेट मेंदूकडे जातो, रक्तात उतरतच नाही. हे खरे असते तर रक्तात प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या लशीचा उपयोगच नव्हता. १९३७ मध्ये टोरंटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला गेला. पोलिओ थांबला नाही आणि काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. सिनोमोल्गस माकडे (आग्नेय आशियातले ऱ्हीससचे जवळचे नातलग) आणि चिंपांझी यांना तोंडावाटे लागण होते हे कळल्यावर, १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी विषाणू चेतापेशींखेरीज इतर पेशींत वाढवून दाखवल्यावर, आणि १९५२ मध्ये लकवा येण्यापूर्वी तो रक्तात सापडतो हे सिद्ध झाल्यावर लशीचा मार्ग मोकळा झाला. त्या लशीसाठी लागणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशी पुन्हा ऱ्हीससकडूनच आल्या, आणि ती माकडे बहुतांश भारतातून गेली. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या प्राणिगृहांतली 'भारतीय वंशाची' ऱ्हीसस आजही त्याच आधीच्या माकडांची संतती आहेत. चिनी वंशाच्या ऱ्हीससपेक्षा त्यांना एसआयव्हीने लवकर एड्स होतो, म्हणून कोणत्या वंशाचे माकड वापरले हे न सांगणारा निबंध मी अपुरा समजतो.

पेशीच्या पृष्ठभागावरचा छोटा फरक किती घातक ठरू शकतो हे मार्च २००६ मध्ये लंडनला दिसले. टीजीएन१४१२ हे टी पेशींना सीडी२८ या प्रथिनामार्फत चेतवणारे प्रतिपिंड होते, ती लस नव्हती. पण प्रतिकारशक्तीच्या तुलनेत त्याचा उल्लेख टाळता येत नाही. सिनोमोल्गस माकडांनी ते मोठ्या मात्रेत विनातक्रार पचवले होते. त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढी मात्रा सहा निरोगी पुरुषांना दिली आणि काही तासांत सहाही जणांच्या शरीरात सायटोकाइन्सचा (दाह पेटवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचा) उद्रेक होऊन त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सर्व वाचले. कारण नंतर सापडले: ऊतींत पहाऱ्याला असणाऱ्या माणसाच्या अनुभवी सीडी४ टी पेशींवर सीडी२८ असते, मॅकाक माकडांच्या (ऱ्हीसस, सिनोमोल्गस ज्या गटात येतात त्यांच्या) तशाच पेशींवर ते नसते. जिथे बटणच नाही, तिथे ते दाबून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढला गेला होता. जिवाणूंच्या अंतर्विषालाही माणूस मॅकाकपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील आहे, म्हणून लशीनंतर ताप किती येईल याचा अंदाज मी माकडावरून बांधत नाही.

आता कोविडकडे येऊ, कारण भारतातल्या वाचकाला याची बातमी प्रत्यक्ष वाचलेली आठवत असेल. कोव्हॅक्सिनची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर झाली. टाळेबंदीत प्राणी मिळेनात तेव्हा ती नागपूरच्या परिसरातून मिळवली गेली होती. पाच-पाचच्या चार गटांपैकी एकाला खोटी लस, तिघांना वेगवेगळी मिश्रणे, १४ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, आणि दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवसांनी विषाणू. खोटी लस मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला, लस मिळालेल्यांत दिसला नाही. इथे माकड भरवशाचे का ठरले? कोरोना विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई२ प्रथिनाला धरतो, त्याचे पकडीतले महत्त्वाचे बिंदू आशिया-आफ्रिकेतल्या माकडांत माणसासारखेच आहेत. अमेरिकी माकडांत ते वेगळे आहेत. पण त्या बातमीत काय नव्हते तेही पाहिले पाहिजे. ऱ्हीससला कोविड सौम्यच होतो, त्यामुळे 'गंभीर आजार टळतो का' हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. आणि दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी, प्रतिपिंडे ऐन भरात असताना लागण केली, तर सहा महिन्यांनी काय होईल हे त्यातून कळत नाही.

ऑक्सफर्डच्या लशीचा, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशील्डचा, अमेरिकेतला माकडांवरचा निकाल मला त्याहून बोलका वाटतो. एक मात्रा दिलेल्या सहा ऱ्हीससपैकी एकालाही न्यूमोनिया झाला नाही, परंतु त्यांच्या नाकातला विषाणू लस न दिलेल्या माकडांइतकाच होता. २०२० च्या मे महिन्यात काहींनी याला लशीचे अपयश म्हटले. दंडात टोचलेल्या लशीची प्रतिपिंडे फुप्फुसात पोहोचतात, नाकाच्या अस्तरावर फार कमी पोहोचतात. शिवाय त्या माकडांना नाकात आणि श्वासनलिकेत एकाच वेळी मोठ्या मात्रेत विषाणू घातला होता. पुढे माणसांत नेमके तेच घडले: लस घेतलेल्यांना लागण होत राहिली, गंभीर आजार मात्र बराच टळला. माकडाने एका वर्षाआधी बरोबर सांगितले होते, ऐकणाऱ्यांनी चुकीचा प्रश्न विचारला होता.

डेंगीत मात्र गंभीर आजाराबाबत माकड मुकेच राहते. त्याच्या रक्तात विषाणू फिरतो पण त्याला डेंगीचा आजार होत नाही. डेंगव्हॅक्सिया या लशीने माकडांच्या रक्तातला विषाणू रोखला होता. ज्या मुलांना पूर्वी डेंगी झालेला नव्हता त्यांच्यात लशीनंतर पुढची लागण अधिक गंभीर होऊ शकते, हे २०१७ मध्ये माणसांच्या माहितीतूनच बाहेर आले. गोवराबाबत मात्र माकडाने मोठे उपकार केले आहेत. मॅकाकला माणसाकडून गोवर लागतो, पुरळ उठते आणि नंतर काही आठवडे प्रतिकारशक्ती मंदावते, अगदी मुलांसारखी. १९६० च्या दशकात अमेरिकेत वापरलेल्या फॉर्मॅलिनने मारलेल्या गोवराच्या लशीनंतर काही मुलांना विचित्र आणि तीव्र गोवर होत असे. ते का, हे तीन दशकांनंतर ऱ्हीससमध्ये तोच प्रकार घडवून उलगडता आले. लशीने निर्माण झालेली प्रतिपिंडे विषाणूला सैल धरत होती, त्याला निकामी न करता त्याच्याशी गुंते तयार करत होती आणि ते गुंते ऊतींत साचत होते.

म्हणून माकडांवरच्या यशाची बातमी वाचताना मी पुढील गोष्टी शोधतो. लस न दिलेली माकडे माणसासारखीच आजारी पडली का? विषाणू कोणत्या वाटेने आणि किती घातला? शेवटच्या मात्रेनंतर किती दिवसांनी? त्या प्रजातीला तो विषाणू किंवा लशीचा वाहक (लशीचे जनुक पेशीत नेणारा, एडी५ सारखा विषाणू) आधी माहीत होता का? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर उरलेला निबंध मी प्रतिपिंडांच्या मोजणीपुरता वाचतो. माकडतापाची जुनी लस, जिचे दोन मात्रांनंतरचे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के मोजले गेले होते, तिचा वापर २०२२ मध्ये थांबला आहे. नवी लस येईल तेव्हा लाल तोंडाच्या माकडावरचा निकाल मला ऱ्हीससवरच्या निकालापेक्षा मोलाचा वाटेल, कारण हा रोग त्याला जंगलात खरोखरच होतो.

आणि जिथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय 'हो' असते, तिथे माकडाचा पुरावा परवान्यापर्यंत जातो. इबोलाची लागण केलेले सिनोमोल्गस माकड जवळजवळ नेहमीच मरते, माणसासारख्याच तीव्र आजाराने. त्यामुळे एडी२६ आणि एमव्हीए या दोन वाहक विषाणूंवरच्या इबोला लशीसाठी, माणसांत मोठी साथ मिळण्याची वाट न पाहता, कोणत्या पातळीची प्रतिपिंडे असलेली माकडे वाचली हे मोजले गेले, लस घेतलेल्या माणसांत तीच प्रतिपिंडे मोजली गेली, आणि या दोन मोजण्या जोडून २०२० मध्ये युरोपात तिला परवाना मिळाला.